बौद्ध साधना आणि शरीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालीच्या वर्गात, व्याख्यान संपल्यावर दाराशी थांबून, कधी पत्रातून, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. विचारणाऱ्यांत साधक असतात, मानववंशशास्त्राचे विद्यार्थी असतात, डॉक्टरही असतात. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे बरेच आहे.

बौद्ध साधना ही मनाची साधना. त्यात शरीराचा संबंध येतोच कुठे?

पहिल्याच पायरीला येतो. मज्झिम निकायातल्या सतिपट्ठान सुत्तात (‘सुत्त’ म्हणजे बुद्धाचा उपदेश) स्मृती, म्हणजे सजग भान, कशावर ठेवायची याची चार क्षेत्रे सांगितली आहेत: काया, वेदना (सुखाच्या, दुःखाच्या संवेदना), चित्त आणि धम्म (मनात उमटणारे विषय). काया आधी आहे, आणि परंपरेने मोजलेल्या २१ अभ्यासांपैकी १४ एकट्या कायेचे आहेत. त्यांत श्वास आहे. चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे हे चार इरियापथ आहेत. हात आखडणे-पसरणे, वळून बघणे, खाणे-पिणे, मलमूत्रविसर्जन, झोपणे, बोलणे, गप्प राहणे या सगळ्या क्रिया भान ठेवून करायला सांगितल्या आहेत. पुढे शरीराचे अवयव, चार धातू (पृथ्वी, आप, तेज, वायू) आणि शेवटी स्मशानातल्या प्रेताच्या नऊ अवस्था येतात.

तरीही ‘बौद्ध धर्म म्हणजे मनाचे शास्त्र’ हे वाक्य इतके रुळले आहे की हा क्रम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, शरीर बाजूला ठेवून ही साधना समजून घ्यायला जाल तर ती अर्धीसुद्धा हाती लागणार नाही.

शरीराच्या ३२ भागांची यादी पाठ का करायची? तिचा उपयोग काय?

केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. केस, अंगावरची लव, नखे, दात, त्वचा. प्रव्रज्या घेणाऱ्या, म्हणजे घर सोडून संघात येणाऱ्या, श्रामणेराला (नवख्या भिक्षूला) थेरवादी परंपरेत, म्हणजे श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंडमधल्या पाली परंपरेत, पहिल्याच दिवशी हे पाच शब्द दिले जातात, सुलट आणि उलट क्रमाने. पुढे मांस, स्नायू, हाडे, अस्थिमज्जा, हृदय, यकृत, फुप्फुस, आतडी, पित्त, रक्त, घाम, अश्रू, लाळ, मूत्र अशी यादी वाढत जाते.

सुत्तात या यादीसाठी एक उपमा आहे आणि ती मला फार आवडते. दोन्ही बाजूंना तोंड असलेली एक पिशवी आहे. तिच्यात साळी, व्रीही, मूग, उडीद, तीळ, तांदूळ असे नाना प्रकारचे धान्य भरले आहे. चांगली दृष्टी असलेला माणूस ती मोकळी करतो आणि म्हणतो, हे मूग, हे उडीद, हे तीळ. बस, एवढेच. त्यात किळस नाही, निंदा नाही. धान्य निवडणाऱ्याची शांत नजर आहे.

पाचव्या शतकात टीकाकार बुद्धघोषाने श्रीलंकेत लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या साधनाग्रंथात हा अभ्यास कसा करायचा हे बारकाईने दिले आहे. आधी तोंडाने म्हणायचे, मग मनाने. त्यानंतर प्रत्येक भागाचा रंग, आकार, दिशा (बेंबीच्या वर की खाली), जागा आणि सीमा ठरवायची. ज्याला सगळे त्रिपिटक मुखोद्गत आहे त्यानेही सुरुवात तोंडाने म्हणूनच करायची. वर्णने इतकी जवळून केलेली आहेत की वाचताना आपण आपल्याच बोटांकडे पाहू लागतो. नखे माशाच्या खवल्यांसारखी. खालचे मधले दात कसे, तर मातीच्या गोळ्यात ओळीने खोचलेल्या भोपळ्याच्या बियांसारखे.

आणखी एक गोष्ट. सतिपट्ठान सुत्तातली यादी ३१ भागांची आहे. मेंदू तिच्यात वेगळा मोजलेला नाही. बुद्धघोष त्याचा हिशेब अस्थिमज्जेत धरतो, आणि तो वेगळा मोजला की ३२ होतात. आज ध्यानावरचे संशोधन म्हटले की आधी मेंदूचे चित्र समोर येते, तेव्हा ही यादी आठवावी.

पण ‘अशुभ’ भावना, म्हणजे शरीराच्या अमंगळ बाजूचे असे चिंतन, हा शरीराचा तिरस्कारच नाही का?

हा धोका परंपरेने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. विनयातल्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या, तिसऱ्या पाराजिक नियमाची (मनुष्यहत्येला मनाई करणाऱ्या नियमाची) कथा वैशालीची आहे. बुद्धाने अशुभ भावनेची प्रशंसा केली आणि तो पंधरा दिवस एकांतात गेला. इकडे भिक्षूंना स्वतःच्या देहाची इतकी घृणा वाटू लागली की अनेकांनी जीव दिला, काहींनी दुसऱ्याकडून घेववला. एकांतातून परतल्यावर बुद्धाने आपला सेवक भिक्षू आनंद याला विचारले की भिक्षुसंघ असा विरळ का दिसतो आहे. आनंदाने घडलेले सांगितले आणि दुसरा एखादा मार्ग शिकवावा अशी विनंती केली. तेव्हा बुद्धाने आनापानस्मृती, म्हणजे श्वासावरची स्मृती शिकवली.

ही कथा जशीच्या तशी घडली की नाही यावर वाद होऊ शकतो. पण ज्या समाजाने ती जपून ठेवली त्याला ठाऊक होते की साधन आणि साधक यांचा मेळ बसला नाही तर अपाय होतो. म्हणून विसुद्धिमग्गात ४० कर्मस्थाने, म्हणजे ध्यानाचे विषय, आहेत आणि कोणाला कोणते द्यायचे हे त्याचा स्वभाव पाहून ठरते. अशुभ भावना रागचरित, म्हणजे आसक्तीकडे झुकणाऱ्या, माणसासाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही.

या ग्रंथांत स्त्रीचा देहच का किळसवाणा दाखवला जातो?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. बौद्ध साहित्याच्या अभ्यासक लिझ विल्सन यांनी दाखवून दिले आहे की संन्याशांच्या कथांत पाहणारा बहुधा पुरुष असतो आणि पाहिले जाणारे प्रेत बहुधा स्त्रीचे असते. अनित्यता सगळ्यांची, पण दाखला मात्र तिच्या देहाचा.

पण त्याच साहित्यात थेरीगाथा, म्हणजे भिक्षुणींच्या गाथा, आहेत. त्यांत गणिकेची भिक्षुणी झालेली अंबपाली म्हातारपणी स्वतःच्याच देहाकडे पाहते. केस भुंग्यांसारखे काळे होते, टोकांना कुरळे होते, आता ते तागाच्या वाखासारखे झाले आहेत. भुवया, डोळे, नाक, कान, दात, आवाज अशी ती एकेक अवयव घेत जाते. ही तीच अवयवांची साधना आहे. फरक इतकाच की इथे पाहणारी आणि पाहिली जाणारी एकच आहे. ‘बौद्ध ग्रंथ स्त्रीविरोधी आहेत’ किंवा ‘नाहीत’ असे एका वाक्यात उत्तर मागणाऱ्यांना मी आधी या गाथा वाचायला सांगतो.

विनयाचे नियम म्हणजे नुसती शिस्त. त्यांचा साधनेशी काय संबंध?

पालीच्या वर्गात सेखिय, म्हणजे वागण्याच्या शिस्तीचे, नियम वाचायला घेतले की हसू पिकते. थेरवादी पातिमोक्खात, म्हणजे नियमसंहितेत, भिक्षूंसाठी २२७ नियम आहेत, त्यांपैकी ७५ सेखिय. त्यातला एक म्हणतो, ‘चपुचपु’ आवाज करीत जेवणार नाही. लगेच पुढचा, ‘सुरुसुरु’ आवाज करीत जेवणार नाही. मराठी माणसाला याचे भाषांतर लागत नाही; चपचप खाणे आणि सुरसुर पिणे आपल्याही घरात लहानपणी ऐकलेले असते.

हसू ओसरले की मग नियम नीट वाचावेत. गावात जाताना नजर खाली ठेवावी. हात झुलवीत, अंग हलवीत, डोके डोलवीत चालू नये. मोठ्याने हसू नये. घास फार मोठा करू नये, तोंडात घास असताना बोलू नये. यात मोक्षाची भाषा कुठेच नाही. पण वर्षानुवर्षे असे चालणारे, बसणारे, खाणारे शरीर वेगळेच घडते. त्याच्या हालचालीत घाई राहत नाही.

पुढे बुद्धाचा पट्टशिष्य झालेल्या सारिपुत्ताची गोष्ट इथे आठवते. राजगृहात त्याने अस्सजी भिक्षूला भिक्षेसाठी फिरताना पाहिले. अस्सजीने अजून तोंडही उघडले नव्हते. त्याचे पुढे जाणे, मागे वळणे, हात आखडणे-पसरणे, खाली झुकलेली नजर, एवढे पाहूनच सारिपुत्ताला वाटले की याला काहीतरी गवसले आहे. उपदेश नंतर आला, शरीर आधी बोलले.

पालीचे अभ्यासक स्टीव्हन कॉलिन्स यांनी यातला ताण नेमका पकडला आहे. एकांतात, ध्यानात भिक्षू शरीराचे तुकडे तुकडे करून पाहतो. लोकांसमोर मात्र तेच शरीर अखंड, नीटनेटके, संयत दिसायला हवे. दोन्ही एकाच माणसाकडून अपेक्षित आहे. मला हा विरोध वाटत नाही. ज्या चिवटपणे आत पाहायचे, त्याच चिवटपणे बाहेरही सांभाळायचे.

धर्माध्ययनात शरीराचा विचार केव्हापासून सुरू झाला?

समाजशास्त्राच्या बाजूने पाया मार्सेल मॉस यांनी घातला. १९३४ साली पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ‘शरीराची तंत्रे’ ही कल्पना मांडली. पोहणे, चालणे, बसणे, झोपणे यांतले काहीच निव्वळ नैसर्गिक नाही. प्रत्येक समाज ते आपापल्या रीतीने शिकवतो. त्याच व्याख्यानात त्यांनी चीन आणि भारतातल्या श्वसनाच्या साधनांकडेही बोट दाखवले होते. पुढे तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये शरीर हीच जगाला जाणण्याची जागा आहे असे मांडले, मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये शुद्धी-अशुद्धीचा संबंध समाजाच्या सीमांशी जोडला आणि टॉमस चोर्डास यांनी १९९० मध्ये मानववंशशास्त्रासाठी ‘देहधारणा’ ही एक चौकट म्हणून मांडली.

या नावांच्या ओझ्याखाली विद्यार्थी दबतात. त्यांना मी सांगतो, मॉस वाचा आणि लगेच सेखिय नियम वाचा. दोन्ही एकमेकांना उजळतात.

मग बौद्ध अभ्यासकांनी इतकी वर्षे शरीराकडे दुर्लक्ष का केले?

कारण ते ग्रंथ वाचत होते, आणि ग्रंथांतलेही निवडक. १८८१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली. तिचे उपकार मोठे आहेत, तिच्या आवृत्त्यांशिवाय आमचे पानही हलत नाही. पण त्या पिढीला बुद्ध हवा होता तो विवेकवादी, कर्मकांडाला झुगारणारा. स्तूप, अस्थी, दीप, दंडवत हे सगळे त्यांना नंतरची भर वाटे.

ग्रेगरी शोपेन यांनी १९९१ साली लिहिलेल्या एका लेखात यावर घाव घातला. त्यांचे म्हणणे होते की ‘खरा धर्म ग्रंथात असतो’ ही प्रोटेस्टंट समजूत अभ्यासकांनी नकळत भारतावर लादली. दगडावर कोरलेले लेख पाहिले तर भिक्षू आणि भिक्षुणी स्वतः दान देताना, अस्थींची पूजा करताना, आईवडिलांच्या कल्याणासाठी पुण्य अर्पण करताना दिसतात.

सांचीचेच पाहा. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथल्या स्तूपातून सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धाच्या पट्टशिष्यांची नावे कोरलेले करंडक काढले. ते अवशेष लंडनला गेले, तिथल्या संग्रहालयात राहिले. ते परत आणून सांचीत पुन्हा प्रतिष्ठापित झाले ते १९५२ मध्ये. एखाद्याच्या नुसत्या चालण्याने कोणी प्रव्रज्येकडे वळावे अशा परंपरेत हाडाचा तुकडा ही नुसती वस्तू राहत नाही. ज्यांनी तो परत मागितला त्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

जातीचा आणि या विषयाचा काही संबंध आहे का?

थेट आहे. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण बुद्धाकडे वाद घेऊन येतात: ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? बुद्ध गवतापासून सुरुवात करतो. गवत, झाडे, किडे, मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांच्यात शरीराच्या खुणांनी जाती वेगळ्या ओळखता येतात. माणसात तसे नाही. केसांत नाही, डोक्यात नाही, कानांत नाही, डोळ्यांत नाही. तोंड, नाक, ओठ, भुवया, मान, खांदे, पोट, पाठ, हात, पाय, बोटे, नखे, कशातच नाही.

पुन्हा तीच अवयव मोजत जाण्याची पद्धत! ध्यानात जी यादी ‘मी’पणा सोडवते, तीच पद्धत इथे जातीचा आधार काढून घेते. ज्या समाजात माणसाचा स्पर्श विटाळ मानला गेला तिथे हे सुत्त केवळ तत्त्वज्ञान म्हणून वाचता येत नाही. डॉ. आंबेडकरांच्या १९५६ च्या धम्मदीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी तो फक्त विचारांचा किंवा राजकारणाचा इतिहास म्हणून केला तर मोठा भाग निसटतो. मान वर करून चालणारे, कोणापुढे न वाकणारे शरीर हाही त्या इतिहासाचा दस्तऐवज आहे.

महायान, वज्रयान आणि झेन यांत शरीराकडे कसे पाहिले जाते?

एकच उत्तर देता येत नाही, म्हणून दोनच खुणा सांगतो. तिबेटी परंपरेत पूर्वतयारी म्हणून एक लाख साष्टांग दंडवत घातले जातात. तिथे संख्या हीच शरीराची शाळा आहे. जपानमधल्या झेन आचार्य दोगेनने (१२००–१२५३) आसनाची मांडणी, पाठीचा ताठपणा, जिभेची जागा, उघडे डोळे हे सगळे लिहून ठेवले. इतकेच नव्हे, तोंड धुणे आणि शौचाला जाणे कसे करावे यावरही त्याने स्वतंत्र प्रकरणे लिहिली. अनेक वाचक ती पाने उलटून पुढे जातात. माझ्या मते दोगेन समजायचा तर तिथेच थांबावे.

डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहण्याची पद्धत बुद्धकाळापासून अशीच चालत आली आहे का?

श्रद्धा आणि इतिहास यांची उत्तरे इथे वेगळी येतात आणि दोन्हींचा मान ठेवून बोलायला हवे. संवेदनांकडे लक्ष देण्याचा आधार सतिपट्ठान सुत्तात आहे, याबद्दल शंका नाही. पण गृहस्थांनी मोठ्या संख्येने शिबिरांत बसून विपश्यना करायची, ही रीत आधुनिक आहे. ब्रिटिश सत्तेखालच्या ब्रह्मदेशात भिक्षू लेडी सयाडो (१८४६–१९२३; ‘सयाडो’ म्हणजे आचार्य) यांनी सामान्य माणसांना अभिधम्म (बौद्ध तत्त्वविश्लेषण) आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. महासी सयाडो यांच्या पद्धतीत पोटाचे वर-खाली होणे पाहतात. ब्रह्मी गृहस्थ शिक्षक ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यांनी सर्वांगावरून लक्ष फिरवण्याची पद्धत शिकवली. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यातही शरीरावरून लक्ष फिरवणे आहेच.

बौद्ध धर्माचे अभ्यासक रॉबर्ट शार्फ यांनी १९९५ मध्ये आणखी पुढचा प्रश्न केला: पूर्वीचे भिक्षू ‘अनुभव’ यावा म्हणून ध्यान करीत होते, की विधी आणि पाठ म्हणून? मला त्यांचे म्हणणे थोडे ताणलेले वाटते, कारण अनुभवाची भाषा जुन्या ग्रंथांत अगदीच परकी नाही. पण त्यांनी आम्हा सगळ्यांना जपून लिहायला शिकवले हे खरे.

ध्यानाने मेंदू बदलतो हे विज्ञानाने सिद्ध केले आहे ना?

‘सिद्ध’ हा शब्द सध्या बाजूला ठेवा. २००५ मध्ये सारा लाझर आणि सहकाऱ्यांनी २० अनुभवी ध्यानी आणि १५ इतर लोकांची तुलना केली. ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूबाह्यकाचे (मेंदूच्या बाहेरच्या थराचे) काही भाग जाड आढळले. पण ती एका वेळची तुलना होती. ध्यानाने भाग जाड झाले की तसा मेंदू असलेले लोकच ध्यानाकडे वळले, हे त्यातून कळत नाही. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात कबाट-झिन यांच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर मेंदूच्या रचनेत तसा बदल दिसला नाही.

मेंदूबाहेरच्या शरीरावरही अभ्यास झाले. हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ मध्ये तुम्मो (शरीरात उष्णता जागवण्याची) साधना करणाऱ्या तीन तिबेटी साधकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढले होते. नोंद विलक्षण आहे. पण माणसे तीनच आहेत, हे विसरू नये.

ध्यानाने त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. २०१७ मध्ये जॅरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी बौद्ध साधक आणि शिक्षकांच्या मुलाखतींतून कठीण अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले. त्यांत शरीराचे वेगळे दालनच आहे: झोप उडणे, वेदना, दाब, आपोआप होणाऱ्या हालचाली. वैशालीची कथा वाचलेल्याला याचे नवल वाटत नाही. त्रास होत असेल तर ‘अजून बसा’ एवढे एकच उत्तर देणे चूक आहे. साधना थांबवावी, जाणत्या शिक्षकाशी बोलावे आणि डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

संशोधकाने स्वतः साधना करावी का?

सक्ती नाही. पण धर्मानंद कोसंबींचे उदाहरण मनात ठेवावे. ते सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) पाली शिकले, ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले, आणि पुढे हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनावर काम केले. ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये निघाली. पाठभेद तपासणारा डोळा आणि पाय मुडपून बसलेला देह एकाच माणसाचे असू शकतात. साधना केली म्हणून मत खरे ठरत नाही, आणि केली नाही म्हणून खोटे ठरत नाही. कुठे उभे राहून लिहितो आहोत ते मात्र वाचकाला सांगावे.

पाली न शिकता या विषयात काम करता येईल का?

समकालीन साधकांवर करता येईल. मात्र ते ज्या भाषेत बोलतात ती यायला हवी. जुन्या ग्रंथांवर नाही. मराठी येणाऱ्याला पाली जड जात नाही, चपुचपुवरून आले असेलच लक्षात.

विहारात किंवा शिबिरात क्षेत्रकार्य करताना काय टिपावे?

नवे संशोधक प्रवचन टिपतात आणि वही मिटतात. प्रवचन ध्वनिमुद्रितही मिळेल. तुम्ही पाहा, लोक चपला कुठे आणि कशा काढतात. वंदनेला गुडघे आधी टेकतात की हात. म्हातारी माणसे खाली बसू शकत नसतील तर कोण उठून खुर्ची आणते, आणि खुर्चीवर बसलेल्याला संकोच वाटतो का. तासाभराने कोण पाय बदलतो, आणि बदलण्यापूर्वी इकडेतिकडे पाहतो का. स्वतःच्या पायाला मुंग्या किती वेळाने आल्या तेही लिहा. परवानगीशिवाय कोणाच्या ध्यानस्थ चेहऱ्याचे छायाचित्र काढू नका.

आणि प्रव्रज्येचा विधी पाहायला मिळाला तर मुंडनाच्या वेळी जवळ थांबा. अट्ठकथांत (पाली टीकाग्रंथांत) वस्तरा डोक्यावर फिरत असतानाच अर्हत्पद मिळाल्याच्या कथा आहेत, त्या याच प्रसंगाच्या. केस गळून पडत असतात आणि श्रामणेर आचार्यांमागून म्हणत असतो: केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. मग उलट: तचो, दन्ता, नखा, लोमा, केसा.